बाखवरचा हा चित्रपट इतका निश्चल का?

२०११ साली आलेल्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात पडद्यावर सुबोध भावे गाताना दिसतात आणि कानावर पडतो तो आनंद भाटे यांचा आवाज. हे आपल्याला ठाऊक असते, तरीही खटकत नाही. गायक-वादकांवरच्या बहुतेक चित्रपटांत असेच असते. नट पेटीवर बोटे फिरवतो, सूर मात्र कोण्या वादकाने स्टुडिओत वाजवून ठेवलेले असतात. कॅमेरा सोयीस्करपणे नटाच्या चेहऱ्यावर जातो, मग श्रोत्यांच्या डोलणाऱ्या मानांवर, मग झुंबरावर. बोटांची आणि सुरांची गाठ पडत नाही हे लक्षात येईपर्यंत गाणे संपलेले असते.

आता उलट विचार करून पाहू. संगीतकाराच्या आयुष्यावर चित्रपट काढायचा, पण पडद्यावर जो वाजवतो आहे त्याचेच आणि त्याच क्षणीचे वाजवणे प्रेक्षकाला ऐकवायचे, असे एखाद्या दिग्दर्शकाने ठरवले तर त्या चित्रपटाचे काय होईल?

हा प्रयोग १९६८ साली झाला. ज्याँ-मारी स्ट्रॉब आणि दानिएल युईये या फ्रेंच दांपत्याने जर्मन भाषेत ‘क्रोनिक डेर आना माग्दालेना बाख’ हा चित्रपट केला. योहान सेबास्टियान बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराची हकिगत त्याची पत्नी आना माग्दालेना सांगते आहे, अशी त्याची मांडणी. पाहणाऱ्यांपैकी अनेकांना तो पहिल्या वीस मिनिटांत असह्य होतो. कॅमेरा फारसा हलत नाही, नट अभिनय करत नाहीत, कोणी रडत नाही, भांडणसुद्धा दोन वाक्यांत आटोपते. माझ्या मते संगीतकारावर निघालेल्या चित्रपटांत याच्या तोडीचे फार थोडे आहेत. त्याचा कोरडेपणा ही दिग्दर्शकांची लहर नव्हती. ध्वनिमुद्रणाविषयीच्या एका निर्णयातून तो ओघाने आला आहे. तो निर्णय समजला की चित्रपट उलगडतो.

पार्श्वगायनाने काय सोय केली?

आपल्याकडच्या सुरुवातीच्या बोलपटांत गाणे चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होत असे. प्रभातच्या १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी आपली पदे कॅमेऱ्यासमोर स्वतःच गायली. त्या काळी साथीदार चौकटीबाहेर, मायक्रोफोनच्या अंतराचा हिशेब ठेवून बसत. तीसच्या दशकाच्या मध्यावर पार्श्वगायनाची पद्धत आली आणि ही अडचण संपली. गाणे आधी स्टुडिओत मुद्रित करायचे, सेटवर ते भोंग्यातून वाजवायचे आणि नटाने त्यावर ओठ हलवायचे.

यातली खरी सोय गळ्याची नाही, संकलनाची आहे. ध्वनीची पट्टी एकच आणि अखंड असल्यामुळे चित्राचे कितीही तुकडे करता येतात. पहिली ओळ सोमवारी बागेत चित्रित करा, दुसरी गुरुवारी जिन्यावर. खाली गाणे सलग चालू असते आणि वर चित्रे हवी तशी बदलता येतात. गाण्याच्या जोरावर चित्रे तरून जातात. चित्रपटसंगीताच्या साऱ्या वैभवाचा पाया हाच आहे.

स्ट्रॉब आणि युईये यांनी ही सोय नाकारली. पडद्यावर जिथे वादक दिसतात तिथला ध्वनी त्या चित्रीकरणाच्या वेळचाच असेल, हा त्यांचा नियम. आना माग्दालेनाचे निवेदन तेवढे वरून घातलेले आहे.

एका नियमाचे परिणाम

पहिला परिणाम संकलनावर झाला. समजा, एक रचना समोरून चित्रित केली आणि मध्येच बाजूचा कोन हवासा वाटला. कॅमेरा हलवून वादकांना पुन्हा वाजवायला लावावे लागेल. पण तेच वादक तीच रचना दुसऱ्यांदा अगदी त्याच लयीत वाजवत नाहीत. एक स्वेटर दोघांनी अर्धा अर्धा विणला तर लोकर आणि सुया त्याच असूनही टाक्यांची ओढ वेगळी पडते आणि जोड दिसतोच, तसे हे होते. मग उपाय एकच, रचना किंवा तिचा निवडलेला भाग सलग एका दृश्यात घ्यायचा. म्हणून या चित्रपटात संगीताची दृश्ये मिनिटेच्या मिनिटे न तुटता चालतात. त्यालाही एक मर्यादा होतीच. पस्तीस मिलिमीटर फिल्मचे सुमारे ३०० मीटरचे रीळ अकरा मिनिटांत संपते.

दुसरा परिणाम कॅमेऱ्यावर झाला. मायक्रोफोन लावलेल्या खोलीत कॅमेऱ्याची गाडी रुळांवरून सरकली तर तिचा आवाजही मुद्रित होतो. वर, जिथून वाद्यमेळ नीट ऐकू येतो तिथूनच तो नीट दिसेल असे नाही. त्यामुळे प्रत्येक रचनेसाठी कॅमेऱ्याची एक जागा फार विचार करून निवडावी लागली. बरीचशी दृश्ये तिरक्या कोनातून घेतली आहेत. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’च्या आरंभीच्या समूहगानात आपण चर्चमधल्या वादक-गायकांच्या सज्जात एका कडेला आहोत असे वाटते. गाणारी मुले आणि वाजवणारी माणसे एकामागे एक तिरप्या रांगांत दिसतात. समोरून पाहिले असते तर सगळे एका पातळीत चपटे दिसले असते. तिरक्या कोनामुळे त्या अरुंद जागेची खोली कळते आणि किती माणसे किती दाटीने उभी राहून हा नाद निर्माण करत आहेत हेही कळते.

तिसरा परिणाम पात्रनिवडीवर झाला, आणि तोच सर्वांत मोठा. बाखची भूमिका नटाला देताच येईना. जो माणूस कॅमेऱ्यासमोर बाखची अवघड रचना न चुकता वाजवू शकेल तोच बाख. ही भूमिका गुस्टाव लिओनहार्ट या डच हार्प्सिकॉर्डवादकाकडे गेली. दिसण्यात त्याचे बाखशी काहीही साम्य नव्हते. १७४६ साली हाउसमान या चित्रकाराने काढलेल्या तैलचित्रातला बाख जाड मानेचा, भरल्या अंगाचा आहे, तर लिओनहार्ट सडपातळ आणि लांबोळक्या चेहऱ्याचा. दिग्दर्शकांनी त्याला कृत्रिम पोट लावले नाही की काळ पुढे सरकतो तसे सुरकुत्यांचे रंगकामही केले नाही. चित्रपटात जवळजवळ तीस वर्षे उलटतात आणि बाखचा चेहरा तसाच राहतो.

अभिनय नाही ही तक्रार इथे उलटी होते. अवघड रचना वाजवणाऱ्या माणसाला चेहऱ्यावर दुःख किंवा आनंद दाखवायला सवड नसते. त्याचे सारे लक्ष हातांत असते. आपण नेहमी पाहतो ते वाजवण्याचे नाटक, इथे प्रत्यक्ष वाजवणे दिसते. एकदा हे जाणवले की इतर चरित्रपटांतल्या डोळे मिटून डोलणाऱ्या नायकांकडे पाहवत नाही.

पहिलेच दृश्य

चित्रपट सुरू होतो तोच हार्प्सिकॉर्डच्या आवाजाने. लिओनहार्ट बाखच्या पाचव्या ब्रांडेनबुर्ग काँचेर्टो या वाद्यमेळाच्या रचनेच्या पहिल्या भागातला लांबलचक एकलवादनाचा तुकडा वाजवतो आहे. ना शहराचे दृश्य, ना घोडागाडी. कॅमेरा वादकाच्या आणि त्याच्या हातांच्या जवळ आहे. एकलवादन संपते, बाकीचे वादक सुरू होतात आणि तेव्हा कॅमेरा मागे सरकून सारा मेळ दाखवतो. कॅमेरा हलण्याच्या मोजक्या प्रसंगांपैकी हा एक, आणि तो संगीतातल्या बदलासाठीच हलतो.

या दृश्यात नेमके काय घडते ते कळण्यासाठी हार्प्सिकॉर्डची रचना माहीत हवी. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते, जोरात दाबली तर आवाज मोठा आणि हळू दाबली तर लहान. हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबल्यावर लाकडाची एक उभी पट्टी वर उचलली जाते आणि तिला बसवलेला पक्ष्याच्या पिसाच्या देठाचा बारीक तुकडा तारेला छेडून जातो. तुम्ही कितीही जोर लावा, आवाज जवळपास तेवढाच राहतो. मग वादकाने स्वराला उठाव द्यायचा कसा? वेळेने. महत्त्वाचा स्वर निमिषभर उशिरा आणायचा, आधीचा स्वर थोडा लवकर सोडायचा, दोन स्वरांमध्ये श्वासाएवढी जागा ठेवायची. लिओनहार्ट या कलेतला अव्वल माणूस होता. त्याची बोटे पट्टीवर किंचित थबकतात आणि त्याच क्षणी कानाला स्वराचे वजन जाणवते. चित्र आणि ध्वनी वेगवेगळे मुद्रित केले असते तर ही गोष्ट दिसलीच नसती.

या पाचव्या काँचेर्टोमागे इतिहासही आहे. बाख तेव्हा क्योथेनच्या दरबारी संगीतप्रमुख होता. १७१९ साली तो बर्लिनला जाऊन दरबारासाठी नवा हार्प्सिकॉर्ड घेऊन आला. तोवर वाद्यमेळात हार्प्सिकॉर्डचे काम मुख्यतः साथीचे असे. खालच्या स्वरांची ओळ कागदावर लिहिलेली असे आणि तिच्याजवळ काही आकडे. ते आकडे पाहून वादकाने वरचे स्वरसमूह जागच्या जागी रचायचे. या अखंड साथीला बासो कंटिन्यूओ म्हणतात आणि बरोक काळातल्या जवळपास सगळ्या संगीताचा तो पाया आहे. पाचव्या काँचेर्टोत बाखने या साथीच्या वाद्याला उठवून मध्यभागी आणून बसवले. सहा काँचेर्टोंची प्रत त्याने १७२१ साली ब्रांडेनबुर्गच्या मारग्राफला (सरदाराला) अर्पण केली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला त्याने आना माग्दालेना विल्केशी लग्न केले. चित्रपटाची कथा याच सुमारास सुरू होते.

चौकट : ओळख थोडक्यात
- चित्रपट : क्रोनिक डेर आना माग्दालेना बाख. कृष्णधवल, लांबी दीड तासाहून किंचित जास्त. चित्रीकरण १९६७, प्रदर्शन १९६८.
- दिग्दर्शक : ज्याँ-मारी स्ट्रॉब (१९३३–२०२२) आणि दानिएल युईये (१९३६–२००६).
- बाख : गुस्टाव लिओनहार्ट. आना माग्दालेना : क्रिस्टियाने लांग.
- क्योथेनचा राजपुत्र लिओपोल्ड : निकोलाउस हारनॉनकोर्ट. हाही मूळचा वादकच.
- योहान सेबास्टियान बाख : जन्म १६८५, आयझेनाख. मृत्यू १७५०, लाइपत्सिग.

जुनी वाद्ये, थोडी माणसे

साठच्या दशकात बाखचे संगीत बहुधा मोठ्या वाद्यवृंदाकडून ऐकायला मिळे. व्हायोलिनला धातूच्या तारा, शंभरेक गायकांचे समूह, सगळे भव्य आणि जडशीळ. त्याच काळात काही वादक वेगळ्या वाटेने निघाले होते. बाखच्या काळी होती तशी वाद्ये वापरायची, तारा आतड्याच्या, बासरी लाकडी आणि एकाच चावीची, तुतारीला झडपा नाहीत. पट्टीही आजच्यापेक्षा साधारण अर्ध्या स्वराने खाली. आज मूळ ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झवर लावतात, हे लोक तो ४१५च्या आसपास लावतात. आतड्याच्या तारेचा आवाज लहान पण दाणेदार असतो, त्यामुळे एकाच वेळी चालणाऱ्या चार-पाच स्वरओळी एकमेकींत न मिसळता वेगवेगळ्या ऐकू येतात. बाखच्या रचनेत तर सगळे सौंदर्य त्या ओळींच्या परस्परसंबंधात आहे.

हारनॉनकोर्टने १९५३ साली व्हिएन्नात स्थापन केलेला कॉन्सेन्टुस मुझिकुस हा वाद्यमेळ या वाटेवरचा अग्रणी होता, आणि चित्रपटात तोही वाजवतो. खरा राजपुत्र लिओपोल्ड व्हायोला दा गांबा हे गुडघ्यांत धरून वाजवायचे वाद्य वाजवी. चित्रपटातल्या राजपुत्राच्या हातीही ते आहे आणि हारनॉनकोर्ट ते खरोखर वाजवतो. पुढे १९७१ पासून लिओनहार्ट आणि हारनॉनकोर्ट या दोघांनी मिळून बाखच्या सगळ्या चर्च-कॅन्टाटांचे, म्हणजे चर्चसाठीच्या गायन-वादनाच्या रचनांचे, ध्वनिमुद्रण हाती घेतले. ते काम पुरे व्हायला जवळजवळ दोन दशके लागली. आज जगभर बाख ज्या पद्धतीने वाजवला जातो तिची आरंभीची पावले कॅमेऱ्यावर टिपली गेली ती या चित्रपटात.

मग आयुष्य कुठे आहे?

आना माग्दालेनाने रोजनिशी ठेवली नव्हती. १९२५ साली इंग्रजीत निघालेले तिच्या नावाचे एक आठवणीवजा पुस्तक पुष्कळांना खरे वाटले, पण ते एस्थर मेनेल या लेखिकेने रचलेले होते. चित्रपटाचा त्याच्याशी संबंध नाही. स्ट्रॉब आणि युईये यांनी निवेदन स्वतः लिहिले, ते बाखची पत्रे आणि त्याच्या मुलाने व शिष्याने लिहिलेला मृत्युलेख अशा कागदपत्रांवरून. ते निवेदन सपाट आवाजात, भराभर वाचले जाते. जर्मन न येणाऱ्या आपल्यासारख्यांना उपशीर्षके वाचता वाचता धाप लागते. चित्रपटाचा हा दोष मी मान्य करतो.

पण त्या घाईने सांगितलेल्या गोष्टी ऐका. आना माग्दालेनाला तेरा मुले झाली, त्यांतली सात लहानपणीच गेली. निवेदनात एकेक मूल एकेका वाक्यात मरते आणि पुढच्या वाक्यात नवी रचना, नवी नेमणूक. पहिल्यांदा ऐकताना हे निर्दय वाटते. अठराव्या शतकातल्या घरात मृत्यू किती नित्याचा होता आणि त्या दुःखातही रविवारचे संगीत शनिवारपर्यंत तयार करावेच लागे, हे याहून नेमके सांगता येणार नाही.

१७२३ साली बाख लाइपत्सिगला थोमास शाळेत कांटोर झाला. मुलांना शिकवायचे आणि शहरातल्या चर्चांचे संगीत सांभाळायचे. पहिल्या काही वर्षांत तो जवळजवळ दर आठवड्याला एक नवा कॅन्टाटा रची. म्हणजे आधी रचना, मग प्रत्येक वाद्याची आणि गळ्याची वेगळी प्रत. नकलांच्या कामाला घरची माणसे आणि विद्यार्थी बसत. आना माग्दालेनाचे अक्षर तर नवऱ्याच्या अक्षराशी इतके मिळतेजुळते होते की पुढच्या काळात दोघांच्या प्रती ओळखताना गफलत होई. क्योथेनच्या दरबारात ती स्वतंत्र पगारावर गायिका होती. लाइपत्सिगच्या चर्चमध्ये मात्र वरच्या पट्टीत गायचे ते शाळेतल्या मुलांनी, बायकांनी नाही. चित्रपटात हस्तलिखितांची पाने वारंवार पडदाभर दाखवतात, त्यामागे हे सगळे श्रम आहेत.

पैशाचे बोलणेही आडपडदा न ठेवता येते. २८ ऑक्टोबर १७३० रोजी बाखने डान्झिगमधल्या एर्डमान या जुन्या मित्राला पत्र लिहिले. आपले उत्पन्न साधारण ७०० थालर (तेव्हाचे जर्मन नाणे) आहे, शहरात मर्तिके वाढली की ते वाढते आणि हवा निरोगी असली की घटते, गेल्या वर्षी या खाती शंभरावर थालर बुडाले, अशी त्यात तक्रार आहे. प्रेतयात्रेपुढे शाळेची मुले गात आणि त्याच्या दक्षिणेत कांटोरचा वाटा असे, म्हणून हा हिशेब. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने नगरसभेला एक निवेदन दिले होते. त्यात शाळेतल्या मुलांची मोजदाद आहे : १७ कामाची, २० अजून तयार न झालेली, १७ निरुपयोगी. ज्या संगीतासमोर आपण नतमस्तक होतो ते अशा हाती असलेल्या माणसांतून उभे करावे लागले होते.

१७३६ साली मुख्याध्यापक एर्नेस्टीने बाखला न विचारता मुलांच्या गायनपथकाचा नायक नेमला. बाखच्या मते तो मुलगा नालायक होता आणि नेमणुकीचा हक्क कांटोरचा होता. चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानाच बाखने त्याला हाकलून दिले. प्रकरण नगरसभेपासून थेट राजापर्यंत गेले. दुसऱ्या कुठल्याही दिग्दर्शकाने यातून चित्रपटाचा कळस रचला असता. इथे बाख येतो, मुलाला बाहेर घालवतो आणि संगीत पुढे चालू होते. दिग्दर्शकांनी मिनिटे कशावर खर्च करायची ते ठरवलेले आहे. भांडणाला सेकंद, संगीताला मिनिटे. बाखचा दिवसही असाच वाटला गेला असणार.

हा चित्रपट करायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. त्याची कल्पना पन्नासच्या दशकातली. स्ट्रॉबने ती आधी रोबेर ब्रेसाँ या थोर फ्रेंच दिग्दर्शकाकडे नेली होती, तेव्हा ब्रेसाँने हा चित्रपट तूच कर असे सांगितले. पैसा मिळेना. मधल्या काळात या दांपत्याने जर्मन लेखक हाइनरिश ब्योलच्या लेखनावरून दोन लहान चित्रपट केले. आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या मणि कौल यांनी पुढे डागर बंधूंच्या गायन-वादनावर ‘ध्रुपद’ केला, त्यातही रागाला पुरता वेळ देण्याची हीच जिद्द दिसते. ज्यांना स्ट्रॉब-युईये अवघड वाटतात त्यांनी आधी ‘ध्रुपद’ पाहावा.

पाहणाऱ्यांसाठी

गोष्टीची वाट पाहू नका. प्रत्येक दृश्यात एक वाद्य निवडा आणि शेवटपर्यंत त्याच्याच मागे जा. सर्वांत चांगले म्हणजे खालच्या स्वरांचे चेलो धरा, कारण बाकी सगळे त्याच्यावर उभे आहे. बाखची थोडी माहिती आधी वाचून ठेवली तर निवेदनाच्या उपशीर्षकांमागे धावावे लागणार नाही, डोळे चित्रावर ठेवता येतील. आणि कृपा करून हा चित्रपट मोबाइलच्या स्पीकरवर पाहू नका. त्या इवल्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत, म्हणजे ज्या पायावर ही सारी रचना आहे तोच ऐकू येत नाही. चांगले हेडफोन लावा किंवा घरातले मोठे स्पीकर जोडा.